बिनगाड्यांच्या वाटेवरचा ड्रायव्हर

डेपोत त्याला सगळे ब्रेकफेल म्हणत. त्याच्या बसचे ब्रेक खरं तर कधीच निकामी झाले नव्हते. उलट इतरांपेक्षा त्याचे ब्रेक जास्त टिकायचे, कारण हा माणूस ते फारसे वापरतच नसे. थांब्यावर जो उभा असेल त्याच्यासाठी बस थांबणार. थांब्याकडे जो पळत येत असेल त्याच्यासाठी नाही. पळणारा म्हणजे घरून उशिरा निघालेला, आणि त्याला उचलणं म्हणजे वेळेवर आलेल्यांच्या तोंडात मारणं, असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. ते तो कुणी न विचारता सांगायचा. त्याच्या आरशात हात हलवत लहान लहान होत गेलेल्यांमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, डेपोचे मोठे साहेब होते, आणि एकदा त्याची स्वतःची बायकोही होती. ती पिशवी सांभाळत पळत आली, त्याने तिला आरशात ओळखलं, आणि वरचा गिअर टाकला. ही हकीकत तो कॅन्टीनमध्ये इतक्या अभिमानाने सांगायचा, की नवीन लागलेल्या कंडक्टरला युनिफॉर्मच्या आधी ती मिळायची.

मग वय झालं. एक भिंतीवरचं घड्याळ आणि फुलांचा गुच्छ देऊन त्याला घरी पाठवण्यात आलं. ज्यांनी पाठवलं ते सुटले. घरात जी होती ती सापडली.

घर तिसऱ्या मजल्यावर, बरोबर चौकाच्या डोक्यावर. सुरुवातीला तो बाल्कनीत उभा राहून खालच्या रहदारीला शिव्या घालायचा, तोवर ठीक होतं. पण चौकात नवे सिग्नल लागले, गाड्या शिस्तीत जायला लागल्या, आणि त्याची नजर आत वळली. स्वयंपाकघराच्या दारात तो मधोमध उभा राहायचा. बायको गरम पातेलं घेऊन आली की तिला म्हणायचा, डावीकडून ये, वळताना हात दाखव. सकाळी दात घासायच्या आधी सुरू झालेलं तोंड रात्री घोरण्यातच विलीन व्हायचं. बायको मुळात कमी बोलणारी. ती जेवढी कमी बोलायची तेवढी जागा तो भरून काढायचा. शेवटी एका दुपारी तो आंघोळीला गेलेला पाहून तिने मुलीला फोन लावला आणि सांगितलं, "तुझा बाप घेऊन जा. परत आणायची घाई नको."

मुलगी आणि जावई दूर डोंगराळ भागात सायकल सहलींचा धंदा करत होते. तिथे पूर्वी मालगाडीचा रूळ होता. द्राक्षमळ्यांतली वाइनची पिंपं त्यावरून बंदरावर जायची. गाडी बंद पडली, रूळ उखडून भंगारात गेले, आणि मागे उरली बारीक खडीची एक वाट: दोन बोगदे, एक लोखंडी पूल, आणि दोन्ही बाजूंना टेकड्यांवर विंचरल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा. इंजिनांना जड डबे ओढायचे असत, म्हणून चढ सगळे दमादमाने चढणारे. वाटेवर जिथे जिथे शिरायचं तिथे दोन दगडी खांब इतके जवळ रोवलेले, की मधून सायकल जेमतेम जाईल. मोटार नाही, मोटारसायकल नाही, भोंगा नाही. शहरातले लोक काहीही ऐकू येऊ नये म्हणून इथे यायचे आणि त्यासाठी बरे पैसे मोजायचे.

अशा ठिकाणी मुलीने बापाला आणलं. त्यात तिची माया होती, आणि आईच्या आवाजातली धारही तिने ओळखली होती.

जावई सडपातळ, मोड आलेली कडधान्यं खाणारा आणि गंभीर. त्याने सासऱ्याला एक सायकल, एक हेल्मेट आणि बुडाशी गादी शिवलेली एक घट्ट चड्डी अदबीने दिली. ब्रेकफेलने चड्डी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि परत केली. आयुष्यभर बसून काम केलंय, मला बसायला शिकवू नका, असं तो म्हणाला आणि आपली जुनी खाकी पॅन्ट घालून निघाला. संध्याकाळी त्याने जावयाला सायकलींच्या शेडमागे नेलं आणि ती चड्डी अजून आहे का, असं विचारलं. पुढचे दोन दिवस तो जेवला ते उभ्यानेच.

मुलीने त्याला आधी पुढे ठेवलं. वाट सरळ, चुकायला जागा नाही, पुढच्या माणसाने फक्त पुढे राहायचं. पण ड्रायव्हर पुढे असला की मागे प्रवासी असतात, आणि प्रवाशांना सूचना लागतात. जिथून पूर्वी कधी रस्ता आडवा जायचा आणि आता नुसतं गवत होतं, तिथे तो हात वर करून सगळ्यांना थांबवायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, पुन्हा उजवीकडे बघायचा आणि मग चला म्हणायचा. प्रत्येक वळणाला त्याला एखादं दुसरं वळण आठवायचं, जिथे एखादा टँकर उलटला होता. बोगद्यात तर त्याचा आवाज घुमायचा, म्हणून तिथे तो टँकर हळू चालवायचा. पहिल्या दिवशी पाहुण्यांना हे गमतीचं वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने अभिप्राय दिला: जेवण उत्तम, सायकली उत्तम, निसर्ग उत्तम, पुढच्या काकांना बंद कसं करतात ते मात्र कळलं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "उद्यापासून तुम्ही सगळ्यांच्या मागे. मागून सगळ्यांवर नजर ठेवायची. जबाबदारीचं काम आहे."

जबाबदारी हा शब्द ऐकून तो विरघळला. मागे राहणारा पाहुणा हा नेहमी दमलेला असतो, आणि दमलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्याला पहिल्याच चढावर कळलं. तो त्याच्या शेजारी सायकल लावायचा आणि सुरू व्हायचा. परिणाम असा झाला, की पहिल्या दिवशी धापा टाकणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी असे काही सुटायचे की जावई थक्क व्हायचा. इथल्या हवेचा गुण, असं तो इतरांना सांगू लागला.

दुपारचा थांबा एका मळ्यावर असायचा. मळ्याची मालकीण विधवा, फावड्यासारख्या हातांची, पाहुण्यांशी गोड बोलायचा कंटाळा असलेली बाई. तळघरात पिंपांच्या मध्ये ती एक लांब टेबल मांडायची आणि पेल्यांत घोट घोट वाइन ओतायची. पाहुणे पेला हलवायचे, नाक खुपसायचे, घोट तोंडात खुळखुळवायचे आणि बादलीत थुंकायचे. ब्रेकफेलने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला घाम फुटला. ज्याच्या डोक्यावर आयुष्यभर "थुंकू नये" अशी पाटी होती, त्याच्यासमोर चांगली शिकलीसवरलेली माणसं रांगेने थुंकत होती. एक पाहुणा डोळे मिटून म्हणाला की याला जुन्या चामड्याचा आणि ओल्या मातीचा वास आहे. ब्रेकफेलने वास घेतला आणि म्हणाला, मागच्या सीटचा वास आहे, पावसात खिडकी उघडी राहिली की येतो. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मालकिणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की एक तर ती याला हाकलणार किंवा नोकरीवर ठेवणार. तिने त्याचा पेला भरला. तो थुंकला नाही.

असे दोन महिने गेले, आणि मग श्वासवाला आला.

श्वासवाला म्हणजे शहरातल्या लोकांना श्वास घ्यायला शिकवणारा एक गृहस्थ. ते आधी काय घेत होते कोण जाणे. तो सैल पांढरे कपडे घालायचा आणि प्रत्येक शब्द झोपलेलं बाळ खाली ठेवावं तसा ठेवायचा. त्याची मंडळी तीन दिवस एकही शब्द न बोलता सायकल चालवणार होती. कानावर पडणारा कुठलाही आवाज येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, त्याच्यामागे मन धावू द्यायचं नाही, असा त्याचा धडा होता. मुलीने आदल्या दिवशी बापाला समोर बसवलं आणि बजावलं की तीन दिवस एक शब्द नाही, मुंगी चावली तरी नाही. त्याने जड मनाने मान हलवली आणि तीन दिवसांचा कोटा म्हणून जेवताना जावयाचे कान किटवले.

सकाळी अंगणात मंडळी जमली. ब्रेकफेल सायकलींची हवा बघत ओळीने चालला होता. एका चाकावरून त्याने मान वर केली तर हेल्मेटखाली त्याची बायको उभी. शेजारी तिची धाकटी बहीण. त्याने तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी श्वासवाल्याने हातातली छोटी घंटी वाजवली. मौन सुरू झालं. मुलीने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बायको त्याच्याकडे बघून हसली. मग तिने एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याने दोन ढांगा मारल्या, अलगद सीटवर बसली आणि खांबांच्या फटीतून मागे न बघता निघून गेली.

त्याच्या डोक्यात प्रश्नांची जत्रा उसळली. ही सायकल कधी शिकली? घरी कोण आहे? दुधवाल्याला सांगितलं का? आणि सगळ्यात मोठा, छातीवर दगडासारखा बसलेला प्रश्न: निघताना गॅस बंद केला का? ती होती सगळ्यांच्या पुढे आणि तो सगळ्यांच्या मागे. मधे दहा-बारा माणसं डोळे अर्धे मिटून श्वास घेत होती. टेकड्यांवरून धुकं उतरत होतं, चाकांखाली खडी कुरकुरत होती, एक पक्षी वेलीच्या तारेवर बसून आपलं काहीतरी म्हणत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच या वाटेवर ब्रेकफेल गप्प होता, आणि त्याला ती शांतता जराही आवडत नव्हती.

लोखंडी पुलानंतर उतार लागला तेव्हा त्याला उपाय सुचला. बोलायला बंदी आहे, हातवाऱ्यांना नाही. तिच्या बरोबरीला जायचं आणि हाताने गॅसची खुंटी फिरवून दाखवायची. साऱ्या नोकरीत त्याने वळणावर ओव्हरटेक केलं नव्हतं. ते आता त्याने केलं, खुंटीच्या सरावासाठी एक हात सोडून. पुढचं चाक खडीवरून गवतावर गेलं, गवतावरून हवेत गेलं, आणि ब्रेकफेल वेलींची पहिली रांग ओलांडून, दुसरी मोडून, तिसऱ्या रांगेच्या तारेत अडकून थांबला. डाव्या घोट्यात कळ गेली आणि तो ओरडला.

वरच्या वाटेवर मंडळींनी तो आवाज ऐकला. श्वासवाल्याने चालत्या सायकलवरून हळुवार हात वर केला. आवाज आला होता, आवाज जाणार होता. सगळ्यांनी तो येऊ दिला, जाऊ दिला आणि बंद ओठांनी हसत पुढे गेले. मेहुणी नंतर सांगायची, की तीन दिवसांत खरी शांती तिला तेव्हाच मिळाली.

ब्रेकफेल बराच वेळ ओरडला. त्याने मुलीला हाक मारली, जावयाला मारली, डेपो मॅनेजरलाही मारली. मग घसा बसला आणि तो गप्प झाला.

पुढे त्याच्या बायकोने पेडल मारणं थांबवलं. मागे तो आवाज चालू होता तोवर तिला काळजी नव्हती. संसारात तो आवाज फक्त झोपेत बंद व्हायचा, आणि एकदा टायफॉइडमध्ये बंद झाला होता. तिने सायकल वळवली. श्वासवाल्याने तिला नजरेने विचारलं, ते तिने येऊ दिलं आणि जाऊ दिलं.

ती बांधावरून खाली उतरली तेव्हा तो वेलींखाली पाय पसरून बसला होता. हेल्मेटवर पानं, मिशीत एक गोगलगाय. तिने काही न बोलता बूट काढला, घोटा दाबून बघितला. तो कळवळला. तिने गोगलगाय काढून पानावर ठेवली.

"गॅस बंद केलास?" तो म्हणाला.

तिने मान डोलावली.

"आणि ही सायकल? ही कधी शिकलीस?"

ती बांधावर टेकली. मौन तोडावं की नाही याचा ती विचार करत असावी; तिला ते आवडायला लागलं होतं.

"शाळेत असताना," ती शेवटी म्हणाली. "रोज नदीपलीकडच्या शाळेत जायचे. मुलांच्या पुढे असायचे. लग्न ठरलं तेव्हा धाकटीला देऊन टाकली."

"इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"तुम्ही थांबला असता तर बोलले असते."

तो बोलायला गेला आणि थांबला. मग तिनेच विचारलं, आठवतंय का, मी बसमागे पळत आले होते ते. त्याला न आठवून सांगतो कुणाला; त्याची ती हक्काची गोष्ट होती. तो हसलासुद्धा थोडा.

"पिशवीत तुमचाच डबा होता," ती म्हणाली. "सकाळी ओट्यावर विसरला होतात. बस गेली, मग मी बाकावर बसले आणि सगळा खाल्ला. लग्नानंतर पहिल्यांदा गरम गरम जेवले."

त्या दिवशी तो उपाशी राहिला होता. संध्याकाळी घरी जाऊन, डबा पाठवायचं साधं काम जमत नाही म्हणून त्याने तिला भिंती हादरेपर्यंत सुनावलं होतं. ती गप्प बसून भांडी घासत होती. बसची गोष्ट आणि डब्याची गोष्ट, दोन्ही त्याच्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहत होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख कधी झाली नव्हती.

"आरशात तू ओळखू आली होतीस मला," तो हळू म्हणाला.

"माहीत आहे. मलाही आरशात तुम्ही दिसला होतात. हसत होतात."

ब्रेकफेल खाली बघत मिशीवरून हात फिरवत राहिला.

"थांबायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि उठून सायकल आणायला गेली.

त्याच्या सायकलचं चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं, ती तिथेच ठेवली. त्याला एका पायावर उड्या मारत वर आणलं आणि तिने आपल्या कॅरिअरवर बसवलं. तो तिच्या दुप्पट. टायर चपटे झाले. पण पुढे मळ्यापर्यंत उतार होता. तिने एक ढांग मारली आणि सायकल निघाली. त्याने आधी सीटची दांडी धरली, मग वेग वाढला तशी तिची कंबर धरली. चार लोकांत हे त्याने कधी केलं नव्हतं. खांब, वेली, खडी सगळं अंगावर यायला लागलं, आणि मागे बसलेल्या माणसाला रस्ता कसा दिसतो ते त्याला पहिल्यांदा कळलं. तो ओरडायला लागला: ब्रेक लाव, डावीकडे घे, पुढे वळण आहे.

"चालकाशी बोलू नये," ती म्हणाली आणि ब्रेकला हातही लावला नाही.

मळ्याच्या अंगणात मंडळी गोल करून, डोळे मिटून बसली होती. उतारावरून आलेली सायकल त्या गोलाच्या बरोबर मधून गेली. मागच्या माणसाच्या खांद्याला वेलीची दहा हात लांब तार अडकलेली होती, ती सगळ्यांच्या गुडघ्यांवरून सळसळत गेली. सायकल टेबलाला टेकून थांबली. श्वासवाल्याने एक डोळा उघडला. एक जाडजूड दंतवैद्य खूप वेळ हसू दाबत होता, तो फुटला, त्याच्या मागोमाग मेहुणी फुटली, आणि तीन दिवसांचं मौन दुपारच्या जेवणाआधीच संपलं. मालकीण तळघरातून बाहेर आली, मोडलेल्या रांगा किती असं विचारलं, आणि उत्तर ऐकून फक्त त्याच्याच पेल्यात थोडी कमी ओतली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून त्याला मुलीच्या ऑफिसमागच्या खोलीत ठेवलं. बायको त्याची सेवा करायला म्हणून राहिली. सेवा ती सकाळी चहा देऊन करायची, आणि मग सायकल काढून पाहुण्यांबरोबर निघून जायची. मागची जागा आता तिची झाली. दमलेल्या पाहुण्याच्या शेजारून ती काहीच न बोलता चालायची आणि चढ संपला की खिशातून संत्रं काढून द्यायची. अभिप्रायांमध्ये तिचा उल्लेख यायला लागला, तेव्हा त्याने ते जावयाकडून दोनदा वाचून घेतले, काही चूक सापडते का ते बघायला.

त्याला फोनवर बसवलं. बुकिंगला फोन करणारा माणूस अर्ध्या तासाच्या आत सुटत नसे. आधी मुलगी घाबरली, कारण बरेच जण मधेच फोन ठेवायचे. पण जे टिकायचे ते कुठल्याही चढाला टिकायचे, असं तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्याला तिथेच राहू दिलं.

श्वासवाला पुढच्या वर्षी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या वर्गातली मंडळी होती. त्याने अदबीने विनंती केली, की काकांनी संध्याकाळी तासभर यांच्यासमोर बसून बोलावं. मंडळी डोळे मिटून बसली. ब्रेकफेलने टँकरपासून सुरुवात केली. इतका शांत, इतका एकाग्र श्रोतृवृंद त्याला जन्मात मिळाला नव्हता. आपण व्याख्यान देतो, असं तो आता फोनवर सांगतो. ते व्याख्यान कशासाठी असतं हे बायकोला माहीत आहे, मुलीला माहीत आहे. दोघींनीही त्याला सांगितलेलं नाही.

चौकावरचं घर त्यांनी सोडलं. सायकलींच्या शेडवर दोन खोल्या आहेत, तिथे राहतात. हिवाळ्यात वेली छाटून बोडक्या होतात, पाहुणे येत नाहीत, तेव्हा दोघं वाटेवर निघतात. पहिल्या चढापर्यंत तो तिच्या बरोबर असतो आणि बोलत असतो. चढ लागला की ती पुढे जाते. वर पोचली की बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसते आणि संत्रं सोलते. खाली वळणावर आधी त्याचं हेल्मेट दिसतं, मग पोट, मग तो. तो पोचतो, सायकल आडवी टाकतो, तिच्या शेजारी बसतो आणि काहीतरी सांगायला तोंड उघडतो; पण छाती भात्यासारखी चालत असते. ती त्याच्या तळहातावर दोन फोडी ठेवते आणि बिया इकडे टाकू नका म्हणते.